बाबासाहेबांचे संशोधनाचे आराखडे

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संस्थेकडून आला, त्याच आठवड्यात आपल्या वसतिगृहात वाढलेली एक माजी विद्यार्थिनी पीएच.डी. नोंदणीचा अर्ज घेऊन आमच्या घरी आली. पेट परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती. आता अर्जासोबत संशोधनाचा आराखडा, ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात तो, जोडायचा होता. शीर्षक, समस्येचे विधान, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, साधने, कालमर्यादा, प्रकरणयोजना असे रकाने होते आणि शीर्षकाखेरीज एकही भरलेला नव्हता. मानोरा तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचा इतिहास तिला लिहायचा होता. तिची आई आणि आजी दोघींनीही वेचणीवर दिवस काढले आहेत. ज्या प्राध्यापकांकडे ती मार्गदर्शनासाठी गेली होती, त्यांनी मात्र भाव, मजुरी, हिशेब यांच्या भानगडीत न पडता आपल्या समाजाच्या चळवळीवर किंवा साहित्यावर एखादा सोपा विषय घ्यावा असा सल्ला तिला दिला होता. सर, बाबासाहेबांनी परदेशात शिकताना असा आराखडा कसा लिहिला असेल, एवढेच तिने विचारले.

आम्ही इतकी वर्षे इतिहास शिकवतो. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या पदव्यांची मालिका एका दमात म्हणून दाखवतो. टाळ्या पडतात, आम्ही खाली बसतो. त्या संध्याकाळी मात्र आम्हाला धड उत्तर देता आले नाही. पदव्या कोणत्या हे ठाऊक होते. त्या पदव्यांसाठी त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला, तो कसा आखला, कितीदा मोडला आणि पुन्हा कसा मांडला, हे सलगपणे सांगता येईना. त्या मुलीचे ऋण मानून आम्ही पुन्हा पुस्तके काढली. पुढचा मजकूर त्यातून आला आहे.

भीमरावांनी संशोधनाचा पहिला आराखडा तोंडीच मांडला होता, असे म्हणता येईल. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. होऊन ते बडोद्याच्या नोकरीत नुकतेच रुजू झाले होते, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार वारले. त्यानंतर महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेला विद्यार्थी पाठविण्याचे ठरविले. चरित्रकार सांगतात की महाराजांनी बोलावून या तरुणाला कोणता विषय शिकणार आणि त्याचा उपयोग काय, असे विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवहार हे विषय त्यांनी सांगितले आणि त्यांच्या अभ्यासातून आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग सापडेल, असा हेतू सांगितला. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यातला बावीस वर्षांचा मुलगा सरकारी तिजोरीचे शास्त्र शिकायचे म्हणतो, हे आजही थांबून पाहण्यासारखे आहे. जून १९१३ मध्ये करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यास प्रत्येकी एक. हे आकडे आम्ही त्या मुलीला मुद्दाम वाचून दाखविले. शीर्षक ठरविण्यापूर्वी माणसाने किती अंगांनी वाचलेले असावे याची काही कल्पना त्यांवरून येते. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई, इतिहासात शॉटवेल आणि रॉबिन्सन, मानववंशशास्त्रात गोल्डनवायझर असे त्यांचे गुरू होते. सेलिग्मन हे करशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव. कर कोणाकडून घेतला जातो आणि त्याचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हा त्यांच्या आस्थेचा विषय होता, आणि भीमरावांनी तो आपलासा केला.

मे १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी सादर केलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था यांवर होता. आकाराने तो लहान, चाळीसएक पानांचा. पण त्यात त्यांच्या पुढच्या सर्व लेखनाचे बीज दिसते. कंपनी गेली आणि राणीचे राज्य आले, तेव्हा कंपनीचे कर्ज आणि भागधारकांना द्यावयाची रक्कम हिंदुस्थानच्याच महसुलावर चढविण्यात आली. म्हणजे हिंदी रयतेला जिंकून घेण्याचा खर्चही त्याच रयतेने फेडावयाचा होता. हा हिशेब त्यांनी संतापाच्या शब्दांत मांडला नाही. सरकारी कागदांतील रकमा एकाखाली एक ठेवल्या आणि बेरीज वाचकाच्या पुढ्यात ठेवली.

पुढच्या वर्षी त्यांनी दोन कामे हातावेगळी केली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरचा निबंध वाचला. जून १९१६ मध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध दाखल केला, त्याचा विषय भारताचा राष्ट्रीय लाभांश, म्हणजे देशाचे एकूण उत्पन्न. ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक अभ्यास असे त्याचे स्वरूप शीर्षकातच सांगितले होते.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. जातीवरचा निबंध आज जगभर वाचला जातो, आणि तो ज्याने लिहिला त्याला डॉक्टरेटसाठीही जातीचाच विषय सहज घेता आला असता. अनुभव अंगावर होता, सामग्री मनात होती, आणि अमेरिकन प्राध्यापकांनाही त्याचे कुतूहल वाटले असते. तरीही पदवीसाठी त्यांनी राज्यसत्तेचा अगदी गाभा निवडला: महसूल, अंदाजपत्रक, चलन. पुढाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी त्या काळी ज्या कागदांना हात लावला होता, ते कागद त्यांनी उघडले. आपल्या मुलांना अर्ज करताना जो सोपा विषय सुचविला जातो, त्याच्या मागे एक न बोललेली समजूत असते की हिशेबाचे आणि सत्तेचे विषय इतरांचे, वेदनेचे विषय तुमचे. १९१६ मध्ये बाबासाहेबांनी ही वाटणी मान्य केली नाही. त्यांनी जातीवरही लिहिले आणि तिजोरीवरही लिहिले. चळवळीवर किंवा साहित्यावर संशोधन करू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. निवड मात्र ज्याची त्याने करावी.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे शिफारसपत्र दिले होते. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात शिरकाव होण्यासाठी अशा पत्राचा उपयोग होता, कारण हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराचे अस्सल कागद तेथेच होते. कोणती साधने वापरणार आणि ती कोठे मिळणार, या रकान्यावर आपली मुले दोन ओळी खरडून पुढे जातात. बाबासाहेब त्या रकान्यासाठी अटलांटिक ओलांडून गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले, त्याच सुमारास ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला आणि कामाला सुरुवात केली.

वर्षही पुरे झाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि बडोद्याहून परत येण्याचा आदेश आला. लंडन विद्यापीठाने एवढी सवलत दिली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन त्यांना अपुरे काम पूर्ण करता येईल. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका जहाजाने निघाले आणि पुस्तके दुसऱ्या जहाजाने पाठविली. ते दुसरे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले होते असे चरित्रकार लिहितात, आणि त्यांतलेही बरेच मार्गात गहाळ झाले. सामानाच्या भरपाईचे सहाशे रुपये हाती आले, तेच बडोद्याला जाण्याच्या खर्चाला लागले. तिथे काय घडले ते आपल्या वाचकांना सांगावयास नको: पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलेला, कोलंबियात शिकून आलेला हा तरुण दिवस मावळताना एका झाडाखाली बसून रडला.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरची तीन वर्षे अधिक बोलकी आहेत. मुंबईत परतल्यावर शिकवण्या, हिशेबाची कामे असे हाती येईल ते त्यांनी केले. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर आणि त्यावरील उपायांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मार्च १९२० पर्यंत तेथे राहिले. पगारातून पैसा बाजूला ठेवीत होते. रमाबाई त्या तुटपुंज्या रकमेत घर चालवीत होत्या, आणि त्या घराने या काळात काय काय सोसले त्याचा हिशेब कुठल्याही प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मावणारा नाही. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. समाज त्यांना पुढारी म्हणून ओळखू लागला होता, नोकरी बरी होती, विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांतली जवळजवळ तीन संपली होती. अपुरा प्रबंध सोडून देण्याला याहून सबळ कारणे कोणती असणार? स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

या खेपेस सेलिग्मन यांनी प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिले. नोव्हेंबर १९२० मध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या कार्यवाह बाईंना जे कळविले त्याचा आशय मोठा गमतीचा आहे. या गृहस्थांनी डॉक्टरची पदवी आधीच मिळविली आहे, ते केवळ एक संशोधन पुरे करावयास आले आहेत, तेव्हा आता येथे त्यांनी जिंकावे असे काही उरलेले नाही, असे त्यांना वाटले. वस्तुस्थिती अशी होती की कोलंबियाची पदवी अजून हातात पडलेली नव्हती. तेथील नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी प्रदान होत नसे, आणि छपाईला पैसा कोठून आणावयाचा? बाबासाहेबांनी मास्टरच्या पदवीपासूनच पुन्हा नाव नोंदविले. प्राध्यापक राहिलेला, एकोणतीस वर्षांचा, घरी बायको-मुले असलेला माणूस विद्यार्थ्यांच्या बाकावर परत जाऊन बसला.

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय ब्रिटिश भारतातील साम्राज्यीय वित्ताचे प्रांतीय विकेंद्रीकरण. पुढे कोलंबियासाठी जो ग्रंथ छापला त्याचे नाव ब्रिटिश भारतातील प्रांतीय वित्ताची उत्क्रांती. दोन्ही नावे शेजारी ठेवली की एकाच क्षेत्रात त्यांनी किती काळ नांगर धरला होता ते कळते. त्या मुलीच्या अर्जातला कालमर्यादेचा रकाना भरताना या ग्रंथाचा आम्हाला फार उपयोग झाला, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो.

कहाणी १८३३ च्या सनदी कायद्यापासून सुरू होते, कारण त्या कायद्याने मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांचा स्वतंत्र पैशाचा कारभार संपवून सर्व सत्ता एका केंद्रात आणली. प्रांतांनी खर्च करावयाचा आणि पैसा उभारण्याची जबाबदारी मात्र केंद्राची, अशी घडी बसली. ज्याला कमवायचे नाही त्याला जपून खर्च करण्याचे कारण उरत नाही. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली तेव्हा ही घडी विसकटू लागली. लॉर्ड मेयोच्या योजनेने १८७१ पासून प्रांतांना ठोक रकमा नेमून दिल्या गेल्या, १८७७ पासून काही महसूल नेमून दिले गेले, १८८२ पासून केंद्र आणि प्रांत यांनी महसूल वाटून घ्यावयाचे ठरले, आणि ही पद्धत १९२१ पर्यंत, म्हणजे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा अमलात येईपर्यंत चालली. ग्रंथाची प्रकरणे याच सांध्यांवर पाडलेली आहेत. शतकाची सोय पाहून कोणतेही वर्ष उचललेले नाही; प्रत्येक वर्षी पैशाच्या वाटेत काहीतरी बदलले म्हणून ते वर्ष तेथे आहे. आणि या सगळ्या वाटपाखाली प्रांतांना कायद्याने स्वतःचा असा कोणताही हक्क मिळालेला नव्हता, केंद्राने दिलेली ती सवलत होती, हा निष्कर्ष त्यांनी काढला. जे सरकार लोकांना जबाबदार नाही ते लोकांच्या पैशाला तरी कसे जबाबदार असेल, हा प्रश्न ग्रंथाच्या शेवटाकडे उघडपणे उभा राहतो.

आता रुपयाकडे येऊ. हा विषय लंडनचा, पण आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीत त्याची मुळे आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, आणि या काळात येथले जवळजवळ प्रत्येक शिवार कापसाने पांढरे झाले. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला येथल्या जिनांमधून गाठी मुंबईच्या गोदीकडे आणि तेथून परदेशी गिरण्यांकडे जात. गाठीची किंमत परदेशी पैशात ठरे, वेचणारीला मजुरी रुपया-आण्यांत मिळे. या दोहोंमध्ये रुपयाचा दर बसलेला होता. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. १८७३ नंतर सोन्याच्या तुलनेत चांदी घसरत गेली आणि जवळपास दोन शिलिंगांचा रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि रुपया एक शिलिंग चार पेन्सवर नेऊन टेकविला.

रुपया घसरला की निर्यात करणाऱ्याची चंगळ होते, म्हणून स्वस्त रुपया देशाच्या हिताचा, असे तेव्हाही सांगितले जात होते. बाबासाहेबांनी या युक्तिवादाच्या आत हात घातला. रुपया उतरतो तेव्हा देशात वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. मग व्यापाऱ्याला जो जास्तीचा नफा दिसतो तो बाहेरून आलेला नसून मजुराच्या ताटातून उचललेला असतो. या ठिकाणी ती मुलगी खुर्चीत सावरून बसली हे आम्ही पाहिले. तिच्या आजीच्या वेचणीचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये चलनशास्त्राच्या भाषेत मांडला गेला होता.

पूर्वसंशोधनाच्या बाबतीतही ते डगमगले नाहीत. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये भारतीय चलनावर ग्रंथ लिहून सुवर्ण विनिमय परिमाणाची, म्हणजे देशात रुपया आणि परदेशी देण्यांसाठी सोने या व्यवस्थेची, भलामण केली होती. केन्स हे तेव्हाच मोठे नाव होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की या व्यवस्थेत किती रुपये पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, आणि मर्जीवर चालणारे चलन गरिबाला परवडत नाही. रुपयाची टाकसाळ जनतेप्रमाणेच सरकारलाही कायमची बंद करावी, सोन्याचे नाणे खुले करावे, अशी त्यांच्या उपायाची दिशा होती. आजच्या अर्थशास्त्रज्ञांना सोन्याचा हा आग्रह पटणार नाही, आणि तो पटवून देण्याचा आमचा प्रयत्नही नाही. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनाही शिष्याची अनेक मते मान्य नव्हती. पुढे ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी तसे सांगून टाकले आणि तरीही त्यातल्या ताजेपणाचे कौतुक केले. मार्गदर्शकाशी मतभेद ठेवून प्रबंध लिहिता येतो, हे आपल्याकडे फारसे कोणी विद्यार्थ्याला सांगत नाही.

रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्यावरील उपाय या विषयावरचा हा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या खेपेस स्वीकारला नाही. मार्च १९२३ ची ही गोष्ट. दरम्यान बॅरिस्टरी पूर्ण झाली होती आणि जर्मनीत बॉन विद्यापीठात पुढील अभ्यास करण्याचा त्यांचा विचार चालू होता, तो तेथेच राहिला. प्रबंधातील साम्राज्यविरोधी सूर परीक्षकांना रुचला नाही, असे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. ते संभवनीय आहे. परंतु संस्थेच्या दप्तरात या कारणाची नोंद आढळत नाही, आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एवढे सांगणे आम्हाला भाग आहे. पैसा संपला होता. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि येथे बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली. मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले, असे चरित्रकार म्हणतात. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला आणि डी.एस्सी. ही पदवी मिळाली. लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो लगेच छापला. ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

आमच्या घरी आलेल्या मुलीला आम्ही हा नाकारला गेलेला प्रबंध सर्वांत शेवटी सांगितला, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. आपल्या व्यासपीठांवर हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. महामानवाचा प्रबंध परत आला होता, हे म्हणताना आपली जीभ अडखळते. मार्च ते ऑगस्ट या पाच महिन्यांतले, वकिलीची सुरुवात करण्याइतकेही पैसे हाताशी नसलेले, टेबलावर परत आलेली पाने घेऊन बसलेले बाबासाहेब आम्हाला मात्र वर्गातल्या भिंतीवरील तसबिरीपेक्षा अधिक जवळचे वाटतात.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिलेच पाहिजे, वाचकांपैकी काहींना ती रुचणार नाही हे ठाऊक असूनही. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी भारतीय चलनावरील शाही आयोगापुढे, ज्याला हिल्टन यंग आयोग म्हणतात, साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढ्यावरून रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकातूनच निघाली, असे विधान सर्रास केले जाते. साक्ष देणारे अनेक होते आणि बँकेच्या स्थापनेमागे अनेक धागे होते. बाबासाहेबांच्या साक्षीत रुपया कोणत्या दराला बांधला तर कोणाचे नुकसान होते, याचे जे विवेचन आहे ते वाचले तर त्यांची थोरवी सांगण्यास अतिशयोक्तीची गरज उरत नाही. विधान पुराव्याने तोलण्याची सवय त्यांनीच लावून दिली आहे. त्यांच्याच बाबतीत आपण ती सोडून द्यावी हे आम्हाला बरे वाटत नाही.

कोलंबियाचा हिशेब राहिला होता. प्रांतीय वित्तावरचा ग्रंथ १९२५ मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेने छापला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला. प्रती न्यूयॉर्कला गेल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच.डी.ची पदवी रीतसर प्रदान झाली. बडोद्याला महाराजांसमोर विषय सांगितला त्याला चौदा वर्षे झाली होती. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते, आणि २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन व्हावयाचे होते. पदवीची बातमी आली तेव्हा तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करून झाले होते आणि पुढच्या सत्याग्रहाची तयारी चालू होती.

त्या मुलीचा आराखडा आता तिसऱ्यांदा लिहून झाला आहे. शीर्षकात पूर्वी नुसता मजुरीचा इतिहास होता. आता मानोरा तालुक्यातील कापूस वेचणीची मजुरी, १९०३ ते १९७२ असे आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले ते वर्ष खालच्या टोकाला, आणि राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली ते दुष्काळाचे वर्ष वरच्या टोकाला. त्या काळात आपला भाग अकोला जिल्ह्यात होता, म्हणून साधनांच्या रकान्यात १९१० चे अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल आणि बाजारपेठांची दप्तरे आहेत. त्याखाली तिने स्वतःच्या हाताने सत्तरी ओलांडलेल्या वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती असे लिहिले आहे, आणि पहिले नाव आपल्या आजीचे घातले आहे. मुलाखतींना परीक्षक कितपत मानतील याबद्दल आम्हाला शंका होती, ती आम्ही बोलून दाखविली. तिने तो रकाना खोडला नाही. नवे मार्गदर्शक मिळावेत म्हणून ती पुढच्या सोमवारी अमरावतीला जाणार आहे.